'आता होत नाही' म्हणजे नक्की काय?

मागच्या शनिवार-रविवारी नारायणगावजवळ मामाकडे गेलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून निघालो तेव्हा डोक्यात ऑफिसचंच काहीतरी चाललं होतं. मोशी, चाकण, मंचर असं करत पोचेपर्यंत अंधार पडला होता. विहिरीवर मामा आणि वायरमन उभे, मध्ये स्टार्टरचा डबा उघडा.

भानगड अशी होती की मामाची पाच एचपीची मोटर एक रात्र आड ट्रिप मारायची. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीत होती. रात्री दहाला लाइट येणार, मोटर ऑटोवर सुरू होणार, मामा घरात झोपणार आणि सकाळी बघावं तर कांद्याला पाण्याचा टिपूस नाही. रात्री उठून शेतात जाऊन बघायचं म्हटलं तर जुन्नर तालुक्यातल्या माणसाला बिबट्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

वायरमनने दुपारी, गावठाणाच्या फीडरवरून तात्पुरती वायर ओढून, रिले बदलून वीस वेळा मोटर चालू-बंद करून पाहिली होती. वीसच्या वीस वेळा व्यवस्थित. म्हणाला, "झालं मामा. आता होत नाही. पैसे द्या, निघतो."

मामा म्हणाला, "आरं, दुपारी ते कधी व्हत होतं? रातच्याला लाइट आली की डीपीवरच्या आठ-धा मोटरा येकदम उचलत्यात, तवा व्होल्टेज बसतं. तवा बघायचं. थांब, भाकरी खा, दहाला बघू."

दहाला लाइट आली. आजूबाजूच्या सगळ्या मोटरा एकदम घुं करून उठल्या आणि मामाच्या मोटरने तिसऱ्या सेकंदाला ट्रिप मारली.

मी अंधारात उभा राहून मनातल्या मनात मामाला साष्टांग नमस्कार घातला. कारण वायरमनने जे केलं होतं, नेमकं तेच मी एकदा केलं होतं. फक्त माझ्याकडे मोटरऐवजी कर्नल होता आणि मला थांबवायला मामा नव्हता.

तर मंडळी, आजचा विषय: रेस कंडिशन दुरुस्त झाली हे कशावरून ठरवायचं?

ज्यांना रेस कंडिशन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन कामं एकाच वेळी एकाच वस्तूला हात लावतात आणि निकाल कोणाचा हात आधी पडला यावर ठरतो. एरवी सगळं सुरळीत. एखाद्याच वेळी, दोन पावलांच्या मधल्या बारीकशा फटीत दुसरा घुसतो आणि घोळ होतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, त्यातही मेमरी सांभाळणाऱ्या भागात, अशा फटी पावलोपावली असतात. कारण तिथे प्रत्येक पानाला एकाच वेळी कोणीतरी वाचत असतं, कोणीतरी लिहीत असतं आणि कोणीतरी 'हे पान कोणाला नको असेल तर मी परत घेतो' म्हणून फिरत असतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लिनक्समधला 'डर्टी काऊ' बग, सीव्हीई-२०१६-५१९५. नावातली काऊ म्हणजे गाय नव्हे, 'कॉपी ऑन राइट' ची आद्याक्षरं. हा बग मी लोकांना नेहमी तलाठी कार्यालयाच्या भाषेत समजावतो.

ऑनलाइन सातबारा येण्याआधीचे दिवस आठवा. मूळ दप्तर भाऊसाहेबांच्या कपाटात. तुम्हाला ते वाचता येईल, त्यावर लिहिता येणार नाही. लिहायचंच असेल तर भाऊसाहेब नक्कल काढून देतात, खरडायचं ते नक्कलेवर खरडा. कॉपी ऑन राइट म्हणजे एवढंच. आता बघा हं. तुम्ही म्हणालात, मला लिहायचंय. भाऊसाहेबांनी नक्कल काढून टेबलावर ठेवली आणि मनाशी नोंद केली, 'याच्यासाठी नक्कल काढून झाली, आता याला लिहिण्याबद्दल पुन्हा विचारायला नको.' तेवढ्यात तुमचाच भाऊ मागून आला आणि टेबलावरची नक्कल केराच्या टोपलीत टाकून गेला. भाऊसाहेब वळून बघतात तर टेबल रिकामं. ते कपाटातून कागद आणून तुमच्यापुढे ठेवतात. लिहिण्याची चौकशी तर आधीच संपलेली, त्यामुळे दुसऱ्यांदा कोणी काही विचारत नाही. आणि तो कागद मूळ सातबारा असतो! तुम्ही त्यावर नाव लिहून मोकळे.

अगदी असंच कर्नलमध्ये होत होतं. एक थ्रेड लिहायला मागतोय, दुसरा थ्रेड 'हे पान मला नको' असं सांगत सुटलाय, आणि फटीत नेम बसला की केवळ वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर साध्या युजरला लिहिता येतं. म्हणजे मशीन त्याच्या ताब्यात.

आता या बगचा इतिहास. माझ्या मते तो प्रत्येक इंजिनिअरने एकदा तरी नीट वाचावा.

लिनस टोरवाल्ड्सने हा घोळ २००५ मध्येच ओळखला होता आणि दुरुस्तही केला होता. पण ती दुरुस्ती आयबीएमच्या एस३९० मशीनवर अडचणीची ठरली म्हणून मागे घेतली गेली. त्या वेळी ही शर्यत निव्वळ कागदावरची वाटत होती, प्रत्यक्षात कोण एवढा नेम साधणार? पुढे मशीनं बदलली, कोअर वाढले, मेमरीचा कोड बदलत गेला आणि २००७ च्या २.६.२२ पासून बग खरोखर वापरता येण्याजोगा झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये फिल ओस्टर यांना आपल्या सर्व्हरवर आलेल्या ट्रॅफिकच्या नोंदींत हल्लेखोराचा प्रोग्रॅम सापडला, तेव्हा जगाला कळलं. म्हणजे चोराला आधी माहीत होतं, घरमालकाला नंतर कळलं.

मग दुरुस्ती झाली. भाऊसाहेबांनी नुसती मनाशी नोंद न करता नक्कलेवर शिक्का बघायचा असं ठरलं. शिक्का असेल तर ती नक्कल, लिहू द्या. शिक्का नसेल तर पुन्हा नक्कल काढा. कर्नलच्या भाषेत हा शिक्का म्हणजे पानाचा 'डर्टी' बिट. बाहेर फिरणारे सगळे हल्ले बंद पडले. सगळ्या टेस्ट हिरव्या.

आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये 'ह्यूज डर्टी काऊ' सापडला. साधी पानं ४ केबीची असतात, पण कर्नल काही वेळा २ एमबीचं मोठं पान एकदम देतो. या मोठ्या पानांच्या खात्यात एक फंक्शन असं होतं जे नुसतं वाचायला आलेल्यासाठीही शिक्का मारून ठेवत होतं. शिक्का आहे म्हणजे नक्कल आहे, हे गृहीतच तिथे खोटं! तेव्हा नुकसानीचा आवाका पहिल्यापेक्षा लहान होता हे नशीब.

गोष्ट इथेही संपली नाही. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.१६ मध्ये शेअर्ड मेमरीच्या एका वाटेवर कोणीतरी, स्वतःच्या वेगळ्याच आणि योग्य कारणासाठी, शिक्का सरसकट मारायला सुरुवात केली. डर्टी काऊ तिसऱ्यांदा दारात हजर. डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी तो शोधला आणि त्याच वर्षी शिक्क्यावर विसंबण्याची पद्धतच काढून टाकली.

म्हणजे बघा, २०१६ च्या पॅचची टेस्ट झाली नव्हती असं नाही. पॅचने हल्ला थांबतो का, याची टेस्ट झाली होती. पॅच ज्या गृहीतावर उभा होता त्याची झाली नव्हती. 'शिक्का म्हणजे नक्कल' हे वाक्य मोठ्या पानांसाठी खरं आहे का, शेअर्ड मेमरीसाठी खरं आहे का, उद्या कोणी दुसरीकडे शिक्का मारला तर आपल्याला कळेल का, हे कोणी विचारलंच नाही. जगातली हुशार माणसं तो कोड रोज वाचतात, तरी हे झालं. मग तुमच्या-माझ्या ऑफिसात काय होत असेल?

काय होतं ते सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. आमचा स्टोरेज बॉक्स होता, त्यात आमचं स्वतःचं कर्नल मॉड्यूल. एका ग्राहकाकडे फाइलमधलं मधलंच एक पान, बरोब्बर ४०९६ बाइट, दुसऱ्याच फाइलचं निघालं. आमच्याकडच्या जुन्या मशीनवर तोच घोळ साधारण चाळीस तासांत एकदा दिसायचा. आठवडाभर डोकं फोडल्यावर आम्हाला फट सापडली, तिथे लॉक टाकला. जुनं मशीन त्या दिवशी दुसऱ्या टीमकडे होतं म्हणून टेस्ट ६४ जीबीच्या एका दणकट सर्व्हरवर लावली. रात्रभर, बारा तास. सकाळी सगळं हिरवं. तो शुक्रवार होता.

टीममधली एक नवीन मुलगी, कॉलेजातून येऊन सहा महिने झालेली, म्हणाली, "सर, या मशीनवर आधी कधी फेल झालं होतं का?"

मी म्हणालो, "टेस्ट ग्रीन आहे ना? मग क्लोज कर."

पाच महिन्यांनी तोच बग परत आला. आमचा लॉक एका वाटेवर होता. मेमरी कमी पडल्यावर कर्नल पानं परत घेतो, त्या वाटेवर तो नव्हताच. ६४ जीबीच्या सर्व्हरवर मेमरी कधी कमी पडलीच नाही, त्यामुळे ती वाट रात्रभरात एकदाही चालली नव्हती. ग्राहकाच्या बॉक्समध्ये होती ४ जीबी. तिथे एका पॅथॉलॉजी लॅबचे जुने रिपोर्ट होते. खराब पानं गुपचूप बॅकअपमध्येही गेली होती आणि चांगले बॅकअप ठरल्याप्रमाणे महिन्या-महिन्याने पुसले गेले होते. काही पेशंटचे काही वर्षांचे रिपोर्ट कायमचे गेले. मला त्यांची नावं माहीत नाहीत. माहीत नाहीत म्हणून बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचीच लाज वाटते.

वायरमनने दुपारी मोटर वीसदा चालवली होती. मी ६४ जीबीवर बारा तास. फरक काहीच नाही.

यातून माझी काही मतं तयार झाली आहेत. पटली तर घ्या.

पहिलं: आधी बिघडवून दाखवा. दुरुस्ती काढून टाकली की याच मशीनवर, याच टेस्टमध्ये बग दिसतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याने 'दुरुस्त केलं' म्हणू नये. ज्या टेस्टला बिघाड कधी दिसलाच नाही तिच्या हिरव्या रंगाला काहीही अर्थ नाही. त्या मुलीने हेच विचारलं होतं.

दुसरं: फट रुंद करा. नॅनोसेकंदाच्या फटीत योगायोगाने कोणी घुसेल याची वाट बघत बसण्यापेक्षा, संशयाच्या दोन पावलांमध्ये मुद्दाम विलंब टाका. भाऊसाहेबांना नक्कल काढल्यावर चहाला पाठवा, की लगेच दिसेल कोण नक्कल फेकतोय. २०२० मध्ये कर्नल ५.८ मध्ये आलेलं केसीसॅन हे साधन याच युक्तीवर चालतं. मेमरीतल्या एखाद्या जागेवर ते पाळत ठेवतं, त्या थ्रेडला सुमारे ८० मायक्रोसेकंद थांबवतं आणि तेवढ्यात दुसरा कोणी तिथे हात लावतो का ते बघतं. उलट प्रिंटची ओळ टाकली की बग गायब होतो, हा अनुभव सगळ्यांनाच असतो. कारण प्रिंटनेही वेळ बदलतो, फक्त नको त्या बाजूला.

तिसरं: व्होल्टेज बसवा. मेमरी मुद्दाम कमी द्या, कोअर वाढवा, मोठी पानं चालू-बंद करा, इंटेलसोबत एआरएमवरही चालवा. एआरएमवर मेमरीतल्या लिहिण्याचा क्रम जास्त सैल असतो, त्यामुळे इंटेलवर झाकून राहिलेल्या चुका तिथे उघड्या पडतात. बग जिथे राहतो तिथे जाऊन टेस्ट करायची, आपल्याला सोयीचं असेल तिथे नाही.

चौथं: हिशेब करा. हा तर दहावीच्या पोरालाही जमेल. बग सरासरी चाळीस तासांत एकदा येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता बारा तास स्वच्छ जाण्याची शक्यता ७४ टक्के आहे. ७४! म्हणजे माझी ती रात्रभराची टेस्ट बरोबर मशीनवर लावली असती तरी नाणं उडवण्यापेक्षा वाईट होती. ९५ टक्के खात्री हवी असेल तर सरासरीच्या तिप्पट वेळ स्वच्छ जायला हवा, म्हणजे १२० तास, पाच दिवस. पॉल मॅकेनी यांनी पॅरलल प्रोग्रॅमिंगवरच्या आपल्या पुस्तकात यावर आख्खं प्रकरण लिहिलं आहे. आणि पाच दिवस परवडत नसतील तर दुसऱ्या मुद्द्याकडे परत जा. फट रुंद करून बग तासाला एकदा यायला लागला की तीन तासांत काम होतं.

पाचवं: गृहीत लिहून ठेवा आणि टेस्ट फेकू नका. पॅचसोबत एक वाक्य लिहा, 'हा पॅच अमुक कायम खरं आहे असं धरून चालतो.' ते वाक्य मोडलं की बोंब मारणारी टेस्ट कायमची ठेवा. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये डर्टी काऊची टेस्ट आजही आहे आणि शेअर्ड मेमरीवाल्या भावंडाचीही आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ब्लॉगवर ठीक आहे, आमचा मॅनेजर पाच दिवस देतो का? आणि चोर घरात शिरलेला असताना पाच दिवस टेस्ट करत बसायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही बसायचं. डर्टी काऊचा पॅच तातडीने गेला तेच योग्य होतं. पण पॅच पाठवणं आणि बग बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्त वाहत असेल तर पट्टी बांधा, पण पट्टी बांधली म्हणून पेशंटला घरी पाठवू नका. मॅनेजरचं म्हणाल, तर त्याला पाच दिवस मागू नका, ७४ टक्क्यांचा आकडा दाखवा. माझा अनुभव आहे की आकडा बघून माणूस थांबतो. आणि न थांबल्यास निदान निर्णय त्याचा आहे हे कागदावर येतं. माझ्या वेळी मॅनेजरने दबाव टाकलाच नव्हता. घाई माझी होती, वीकेंड माझा होता.

शिवाय आता पॅच लिहायला एआय आहे. दहा मिनिटांत लॉक टाकलेला सुबक पॅच आणि सोबत पास होणारी टेस्ट मिळते. पॅच स्वस्त झाला, खात्री मात्र होती तेवढीच महाग आहे. म्हणून यापुढे आपला पगार बहुधा खात्रीचाच असणार आहे.

रविवारी सकाळी मामाला म्हटलं, जरा खोडदला चक्कर मारून येतो. जीएमआरटी बाहेरून बघितलं तरी मला बरं वाटतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, काही खोडदच्या माळावर एकत्र, बाकीच्या तीन बाजूंना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली. पूर्वी या अँटेनांचे सिग्नल जुळवायला खास बनवलेलं हार्डवेअर होतं. २०१० च्या सुमाराला ते काम बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरांच्या क्लस्टरवर, सॉफ्टवेअरमध्ये आलं. तीस अँटेना म्हणजे ४३५ जोड्या, प्रत्येक जोडी जुळवायची. आताच्या सुधारित दुर्बिणीत ४०० मेगाहर्ट्झची पट्टी एकदम घेतात. प्रत्येक अँटेनाचे दोन सिग्नल धरले तर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने होतात. अशा ठिकाणी एक प्रोसेस मेमरीत लिहीत असते, दुसरी मागोमाग वाचत असते, आणि वाचणारी मागे पडली तर तिच्या हातातलं पान लिहिणारी पुसून टाकते. दूरच्या पल्सारचा तो क्षण पुन्हा येत नाही. तिथे 'आता होत नाही' म्हणून भागत नाही.

लॅबच्या रिपोर्टांचंही तेच होतं. ते क्षणही पुन्हा येणार नव्हते.

असो. शनिवारीच वायरमनने खरं कारण शोधून स्टार्टरला टायमर बसवला होता. लाइट आल्यावर मामाची मोटर तीन मिनिटं थांबते, बाकीच्या मोटरा उचलून झाल्या की मग सुरू होते. शनिवारी रात्री दहाला मी मुद्दाम जागा राहिलो. मोटर झोकात चालली. वायरमनने माझ्याकडे बघून हात पुढे केला, मी मामाकडे बघितलं.

मामा म्हणाला, "येक रात आड व्हत होतं. पाच राती जाऊ दे."

मी अंथरुणात पडून हिशेब केला. एक रात्र आड म्हणजे निम्मी शक्यता, पाच रात्री नुसत्या नशिबाने स्वच्छ जाण्याची शक्यता बत्तिसात एक. साधारण तीन टक्के. मामा सातवी शिकलाय.

बुधवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. पाच राती झाल्या, पैसे देऊन टाकले म्हणाला.